ज्याचं येणं आहे त्याचा शब्द

आठवीच्या वर्गात मुकुंद देशकर मास्तरांनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला, तोंडाने म्हणून दाखवला, आणि सगळा वर्ग फसकन हसला. शब्द देणं लागण्याचा होता आणि त्याचा उच्चार होता ‘ओ’.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तुमाले कोनं हाक मारली?”

मास्तर स्वतःही हसले. पांढुर्ण्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचा इंग्रजीचा तास पोरांना आवडायचा, कारण ते शब्दाला मोकळं सोडत आणि तो कुठे कुठे फिरतो ते दाखवत. त्यांनी समजावलं, की वाण्याकडे उधारी राहिली तर हा शब्द चालतोच, पण इंग्रज माणूस त्याला पैशापाशी थांबवत नाही. कुणाचं मन दुखावलं तर माफीचं देणं लागतो. आईबापांनी वाढवलं त्याचंही देणं लागतो. आणि याच शब्दाला शेपूट लावून ‘ओइंग टू’ केलं, की अर्थ होतो ‘च्यामुळे’. ओइंग टू पाऊस, शाळेला सुट्टी.

“आता माझंच घ्या,” मास्तर म्हणाले. “मी आज तुमच्यापुढे उभा आहे तो रघुनाथरावांमुळे. माझ्या जीवाचं मी त्यांना देणं लागतो. एवढं वाक्य उद्या इंग्रजीत करून आणा.”

वाक्य पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. पांढुर्ण्यात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. सात वर्षांपूर्वीच्या श्रावणात मास्तर सौंसरहून दमणीत बसून येत होते. जाम नदीला वरून पाणी आलेलं त्यांना कळलं नाही, बैल उतारात घसरले, दमणी उलटली आणि मास्तर वाहून गेले. शुद्धीवर आले तेव्हा ते रघुनाथरावांच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या बंगलीत खाटेवर होते. समोर रघुनाथराव बसलेले, दोन्ही हातांना हळद भरून फडकी बांधलेली. दोराने त्यांच्या तळहातांचं कातडं सोलून नेलं होतं. पुढे जखमा भरल्या, पण तळहातावर आडवे, पांढरट वळ राहून गेले. मास्तरांचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून रजनीवहिनी दर दिवाळीला पहिलं फराळाचं ताट रघुनाथरावांकडे पाठवत, आणि संत्र्याचा हंगाम आला की तिकडून टोपली येई. त्या पुराबद्दल रघुनाथरावांनी स्वतःहून कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्यांचा पुतण्या आठवीतच होता. वर्गातलं उदाहरण त्याच संध्याकाळी बंगलीवर पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावणं आलं.

साल छप्पन्न. पोळा होऊन गेला होता. राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूर मुंबईकडे जाणार, आपण भोपाळकडे, हे आता नक्की झालं होतं, आणि गावात जो तो आपापला हिशोब करत होता की आपलं काय होईल. रघुनाथरावांची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, पाच वर्षांपूर्वीच सरकारने काढून घेतली होती. बगीचा मात्र राहिला होता, दरारा राहिला होता, आणि चालण्यातली ती सावकाशीही राहिली होती.

“मास्तर, मले इंग्रजी शिकवा,” ते म्हणाले. “नागपूरचे साहेब जाऊन राहिले. आता येतीन ते जबलपूरचे, भोपाळचे. त्यांच्यासंग मराठी चालत नाही, अन् हिंदीत मी बोललो की गड्यावानी वाटतो. इंग्रजी बरी. दोघांचीही नाही.”

मंगळवार आणि शुक्रवार ठरला, शाळा सुटल्यावर. पैशाची गोष्ट मास्तरांनी काढूच दिली नाही. उपकाराची थोडी का होईना उतराई होते आहे याचंच त्यांना बरं वाटलं.

शिष्य हुशार निघाला. साठीच्या जवळ आलेला माणूस, पण एकदा ऐकलेला शब्द विसरत नसे. फक्त एक होतं, की ते पुन्हा पुन्हा त्याच शब्दावर येत.

“तो ओ सांगा,” एका शुक्रवारी ते म्हणाले. “देणारा म्हणते, आय ओ. बरं. हा झाला देणाऱ्याचा शब्द. पण ज्याचं येणं आहे, त्यानं काय म्हणावं?”

हा प्रश्न मास्तरांना आजवर कुणी विचारला नव्हता. “त्याला वेगळा शब्द नाही. तोच शब्द फिरवून घ्यायचा. आय ॲम ओड. कर्मणी प्रयोग.”

“म्हंजे ज्याचं येणं आहे तो काही करत नाही.”

“व्याकरणात तरी नाही.”

“बसून राहते.”

“तसंच म्हणा.”

रघुनाथरावांनी ते वाक्य दोनदा ओठात घोळवलं. मग बाहेर बगीच्याकडे पाहत म्हणाले, “चांगला शब्द आहे. बसून राहणाऱ्याचा शब्द चांगला.”

मास्तरांना त्या वेळी हसू आलं होतं. घरी जाताना मात्र ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. बंगलीच्या मागे दोन अनोळखी माणसं खाटेवर पडलेली त्यांनी पाहिली होती. वेचणीला लोक येतात तसे ते दिसत नव्हते. मास्तर जवळून गेले तरी त्यांनी मान वळवली नव्हती.

दसरा झाला. त्यानंतरच्या शुक्रवारी धडा संपला, मास्तरांनी पुस्तक मिटलं, तेव्हा रघुनाथराव म्हणाले, “येत्या मंगळवारी तुम्ही याल. मी नसलो तर बसा. दिवेलागण होईपर्यंत बसा. चहा येईल. मंग घरी जा.”

“तुम्ही नसणार असाल तर मी बुधवारी येईन ना.”

“नाही, मंगळवारीच. सायकल समोर लावा, रस्त्यावरून दिसली पाह्यजे. अन् मागून कोणी विचारलं, तर मी तुमच्यासमोर बसलो होतो. आपण शिकून राहिलो होतो.”

“कोण विचारणार आहे?”

“विचारते कोणीतरी.” रघुनाथरावांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. मुद्दाम ठेवले होते की सवयीने, ते मास्तरांना कळलं नाही. “सात वर्षांत मी तुमाले काही मागितलं का, मास्तर?”

“नाही.”

“मंग झालं.”

घरी येऊन मास्तरांनी रजनीवहिनींना सगळं सांगितलं. पाच वर्षांची लेक अलका ओसरीवर सागरगोटे खेळत होती, म्हणून दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलले.

“नुसतं बसायचं तर आहे,” वहिनी म्हणाल्या. “बसा. त्यांनी हात सोलून घेतले तुमच्यासाठी. एक संध्याकाळ तुम्ही त्यांच्या ओसरीवर बसलात तर काय झिजणार आहे?”

“ते तिथे नसतील, रजनी. मग कुठे असतील?”

वहिनींनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

रविवारी बाजारात मास्तरांना कलाबाई भेटली. ती वांगी आणि मिरच्या घेऊन बसली होती. तिचा नवरा गुणवंता रघुनाथरावांच्या बगीच्याला लागून असलेलं एक वावर बापाच्या काळापासून कसत होता. मालगुजारी गेली तेव्हा ते वावर त्याच्या नावावर व्हायला हवं होतं. पण त्या वावरातच विहीर होती, आणि अर्ध्या बगीच्याचं पाणी तिच्यावर होतं. प्रकरण सौंसरच्या तहसील कचेरीत पडून होतं. दिवाळीनंतर गुणवंताची जबानी व्हायची होती.

“गुणवंता कसा आहे?” मास्तरांनी सहज विचारलं.

“आहे बरा. पाणी काढाले तरास होऊन राहिला बापा. विहिरीवरची फळी मालकाच्या मानसाईनं काढून नेली, दुरुस्तीले म्हणे. आता काठावर उभं राहून, वाकून काढा लागते. काठ तर तुमाले माहीत आहे, गुळगुळीत. मंगळवारी वावराले पाणी द्याची पाळी आहे त्याची. एकटाच राहते. मले मोहगावले जा लागते, भावाच्या घरी.”

मास्तरांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. बाजाराचा कलकलाट चालूच होता आणि त्यांना काही ऐकू येईनासं झालं. फळी, मंगळवार, ती दोन माणसं, रस्त्यावरून दिसेल अशी लावलेली सायकल. आपल्याला ओसरीवर कशासाठी बसवायचं आहे, हे त्यांना तिथे, वांग्यांच्या ढिगाजवळ उभं असताना पुरतं कळलं.

“कलाबाई, मंगळवारी जाऊ नका. किंवा गुणवंतालाही घेऊन जा.”

“काहून?”

मास्तरांनी आवाज उतरवून, जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. कलाबाईचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. ती रडली नाही. मिरच्या एका बाजूला सारत म्हणाली, “तो नाही येनार. त्याले पटनारच नाही. मालकाबद्दल एक शब्द आयकून घेत नाही तो, त्या पुरापासून.”

“पुरात मला काढलं मालकांनी. गुणवंताचा काय संबंध?”

कलाबाईने वर पाहिलं. “मास्तर, पान्यात कोन उतरलं होतं, हे तुमाले कोनं सांगितलं?”

मग तिने सांगितलं. पाण्यात गुणवंता उतरला होता. कमरेला दोर बांधून त्याने उडी टाकली, वाहत्या मास्तरांचा सदरा धरला, आणि पुढे त्याचंही बळ संपलं. दोराचं दुसरं टोक काठावर मालकांच्या हातात होतं. बाकीचे गडी घाबरून मागे सरले, मालक एकटे उभे राहिले आणि दोघांना ओढून काढलं. हात सोलले ते तेव्हा. गावात फक्त मालकांचं नाव झालं. मालकांनी सांगितलं, बोलायचं नाही, म्हणून कुणी बोललं नाही.

“तुम्हीही नाही सांगितलं कधी?”

“सांगून का करा लागत होतं? तुम्ही जिते झाले, तो जिता झाला. झालं.”

त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नाही. रघुनाथरावांनी आपल्याला फसवलं, असं म्हणून मोकळं व्हावं, असं त्यांना फार वाटलं. पण तसं म्हणता येत नव्हतं. दोर त्यांनी धरला होता, हे खरं. तो सुटला असता तर दोघंही गेले असते, हेही खरं. म्हणजे देणं काही कमी झालं नव्हतं. उलट आजवर एकाचं होतं ते दोघांचं झालं. एकाचं फेडायचं तर दुसऱ्याला बुडवायचं, अशी गाठ बसली होती. सोमवारी शाळेत त्यांनी पोरांना शुद्धलेखन दिलं आणि स्वतः खिडकीशी उभे राहिले.

ठाण्यात जावं तर सांगायचं काय? घडलं काहीच नव्हतं. विहिरीची फळी दुरुस्तीला गेली होती आणि एका प्रतिष्ठित माणसाने मास्तरांना चहाला बसायला सांगितलं होतं.

मंगळवारी ते निघाले तेव्हा रजनीवहिनींनी डबा हातात दिला. मास्तर बंगलीवर जात तेव्हा डबा कधी नेत नसत.

“हा कशाला?”

“वावरात चहा कोण देणार?” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. नुसतं बसा म्हणणारी तीच बाई, पण तिने ते शब्द परत घेतले नाहीत आणि त्यांची आठवणही काढली नाही.

नाल्यापाशी रस्ता फुटतो. उजवीकडे बंगली, डावीकडे गुणवंताचं वावर. मास्तर डावीकडे वळले. सायकल त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, रस्त्यावरून दिसेल अशीच लावली.

गुणवंता पन्हाळीतला गाळ काढत होता. मास्तरांना पाहून त्याने हात धुतले, झोपड्यातून खाट बाहेर काढली, वर घोंगडी टाकली. मास्तरांनी त्याच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, “सात वर्षं मला माहीत नव्हतं.”

गुणवंता लाजला. “कलानं सांगितलं वाटते. बाईच्या पोटात काही राहत नाही.”

“कलाबाईंनी आणखीही काही सांगितलं असेल.”

“सांगितलं ना. म्हणून तर मोहगावले गेली नाही. आत बसली आहे रुसून.” तो हसला. “मास्तर, तुम्ही शिकलेले आहा, पण तुमाले एक सांगतो. त्या दिवशी मालकाले दोर सोडता आला असता. हात फाटून राहिले होते त्यांचे, मी पाह्यलं. नाही सोडला. असा मानूस मले मारन काहून? वावराचं भांडन आहे, ते कचेरीत आहे. जीवाचं भांडन नाही आमचं.”

“फळी का नेली?”

“सडली होती.”

“सडली होती का?”

गुणवंताने विहिरीकडे पाहिलं. “थोडीशी,” तो म्हणाला.

ऊन उतरायला लागलं होतं. कापूस फुटून वावर पांढरं झालं होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. मास्तर खाटेवर बसून राहिले. गुणवंताने दोनदा पाणी काढायला उठायचं म्हटलं, दोन्ही वेळा मास्तरांनी त्याला काहीतरी विचारून बसवून ठेवलं. बोलण्यासारखं फार काही नव्हतं. बैलांबद्दल बोलले, बोंडांवरच्या किडीबद्दल बोलले. झोपड्यातून कलाबाईच्या बांगड्यांचा आवाज मधूनमधून येत होता.

मग संत्र्याच्या झाडांतून ती दोन माणसं आली. धुऱ्याधुऱ्याने, घाई न करता. एकाच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. खाटेवर मास्तर दिसले तसे ते थबकले. पुढच्याने मागच्याकडे पाहिलं. मग तो जवळ आला आणि गुणवंताकडे विडीला काडी मागितली. गुणवंताने दिली. विडी पेटवून होईपर्यंत त्याची नजर मास्तरांवरून हलली नाही. काडीची पेटी परत न देताच तो वळला आणि दोघं आलेल्या वाटेने झाडांत गेले.

गुणवंता त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

“हे कोन होते?” त्याने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तो झोपड्याच्या दारात जाऊन बसला, बायकोजवळ.

थोड्या वेळाने रघुनाथराव स्वतः आले. पांढरं धोतर, हातात काठी, रोज फेरफटका मारायला निघतात तसे. गुणवंता सवयीने उठून हात जोडून उभा राहिला. त्याला त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते येऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. खाट करकरली.

“तुमचा चहा तिकडं थंडा होऊन राहिला, मास्तर.”

“आज इथेच बसलो.”

“दिसते.” त्यांनी कापसावरून नजर फिरवली. मग त्यांनी एक वाक्य इंग्रजीतून, शब्द मोजून, एकही चूक न करता म्हटलं. यू ओ मी. मास्तरांनीच शिकवलेलं वाक्य त्यांच्या तोंडी फार स्वच्छ वाटलं.

“हो,” मास्तर म्हणाले. “लागतो. जन्मभर लागेन. पण जे द्यायचं ते माझ्यातून देईन. गुणवंतातून देता येणार नाही मला.”

“गुणवंता तुमचा काय लागते?”

“मला कळलंय त्या दिवशी पाण्यात कोण उतरलं होतं.”

रघुनाथरावांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. “बरं झालं कळलं. म्हंजे हिशोब नीट समजन. त्या दिवशी दोघं जण बुडून राहिले होते. नदीनं दोघांलेही घेतलं होतं. मी ओढून काढले. मी काढले नसते तर हा नसता, याचं वावर नसतं, याची जबानी नसती. तुम्ही नसते. नदीचं जे होतं ते मी माझं करून घेतलं. माझ्या वस्तूचं मी काय करावं, हे मले कोणी शिकवाचं नाही.”

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. इतक्या शांतपणे म्हटलं, की मास्तरांच्या लक्षात आलं, हा माणूस सात वर्षं रोज हेच समजून जगत आला आहे. संत्र्याच्या टोपल्या पाठवतानाही हेच समजत होता.

“मी उद्या सौंसरला जातो,” मास्तर म्हणाले. “गुणवंताला घेऊन. शुक्रवारी तुम्ही मला काय सांगितलं आणि आज इथे कोण आलं, ते तहसीलदारांसमोर सांगणार आहे. सगळ्यांसमोर. मग त्याच्या केसाला धक्का लागला, तर लोक आधी तुमच्याकडे बघतील.”

“अन् तुमचं देणं?”

“ते आहेच.”

“तर मंग तुमच्यातूनच घेतो,” रघुनाथराव म्हणाले. काठीवर भार देऊन उठले आणि गेले. गुणवंता तसाच हात जोडून उभा होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि गुणवंता सौंसरच्या मोटारीत बसले. कचेरीत बांधाबांध चालू होती. तहसीलदारांची बदली नागपूरकडे झालेली, आठवड्याभरात राज्य बदलणार होतं. त्यांनी अर्धंमुर्धं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तर, मी आता इथला पाहुणा. नवीन येतील त्यांना सांगा.” पण बाहेर वऱ्हांड्यात पाच-पन्नास लोक होते, वकील होते, कारकून होते. मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं पुन्हा त्यांना सांगितलं, नाव घेऊन. वर्गात शिकवतात त्या आवाजात. कुणी मान डोलावली नाही, कुणी खोटंही म्हटलं नाही. लोक एकेक करून बाजूला होत गेले आणि शेवटी वऱ्हांड्यात ते दोघंच उरले. संध्याकाळच्या मोटारीने ते परत आले, तेव्हा गोष्ट त्यांच्या आधी पांढुर्ण्यात पोचली होती.

त्या दिवाळीला फराळाचं ताट गेलं नाही, टोपली आली नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस जबानी झाली. नवे साहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून रघुनाथराव बसले होते आणि मोजक्या इंग्रजीत त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. मास्तरांनी दारातूनच ते ऐकलं. शब्द सगळे त्यांच्याच तासातले होते. तरी वावर गुणवंताच्या नावावर झालं. साहेबाला या भांडणाचं काही पडलेलं नव्हतं, जुनी नोंद होती आणि पिढीजात वहिवाटीला साक्षीदार होते, त्याने नियमाप्रमाणे करून टाकलं. रघुनाथरावांनी निकाल ऐकला, साहेबाला नमस्कार केला आणि उठले. पुढे वरच्या कचेरीतही गेले नाहीत. ती दोन माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. फळी एक दिवस विहिरीवर परत आली, नवी, सागाची.

गुणवंता वाचला. पण तो आता विहिरीवर एकटा जात नसे, आणि मालकांचं नाव निघालं की पूर्वीसारखा बोलत नसे. त्याचं काहीतरी गेलं होतं, आणि ते आपणच नेलं, असं मास्तरांना वाटे.

स्वतः मास्तर वाट पाहत राहिले. कसली, हे सांगता येत नव्हतं. तुमच्यातूनच घेतो, म्हणाले होते. सायकलची साखळी तुटली तरी ते आधी खाली वाकून ती नीट पाहत. रजनीवहिनी अलकाला ओढ्याकडे जाऊ देत नसत, बोरं वेचायला जाऊ देत नसत. घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं, तरी आवाज उतरले होते. हिवाळा असा गेला. उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला, पार दमोहकडे. नव्या राज्यात बदल्या ढिगाने होत होत्या, यामागे कुणाचा हात होता की नव्हता, ते मास्तरांना कधीच कळलं नाही. रजनीवहिनींना तर सुटल्यासारखं झालं. “एवढंच घ्यायचं होतं तर घेतलं,” त्या म्हणाल्या. “चला इथून.”

गाडी दुपारची होती. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गुणवंता आणि कलाबाई आली होती, शाळेतली दोन-चार मंडळी होती. सामान चढलं. अलका खिडकीशी बसली. तेवढ्यात फलाटावरची माणसं थोडी बाजूला झाली आणि मधून रघुनाथराव सावकाश चालत आले. हातात काही नव्हतं. मास्तर डब्याच्या दारात उभे राहिले.

“निघाले म्हंजे,” रघुनाथराव म्हणाले.

“हो.”

“बरं आहे. पाणी चांगलं आहे म्हणतात तिकडचं.” त्यांची नजर खिडकीकडे गेली. ते दोन पावलं पुढे झाले आणि गजांतून हात घालून त्यांनी अलकाच्या डोक्यावर ठेवला. “नाव काय, बेटा?”

“अलका.”

“केवढी आहेस?”

“सहा पूर्ण होतील आता.”

रघुनाथरावांनी मनाशी वर्षांचा हिशोब मांडला. मग ते मास्तरांकडे वळून हसले. इतक्या वर्षांत मास्तरांनी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. “म्हंजे ही बी त्या पुरानंतरचीच,” ते म्हणाले.

गाडीने शिटी दिली. हात गजांतून बाहेर आला. मास्तर आत येऊन बसले. फलाट मागे जायला लागला. गुणवंता काही पावलं गाडीबरोबर चालला आणि थांबला. रघुनाथराव होते तिथेच उभे होते.

“बाबा, ते कोण होते?” अलकाने विचारलं.

मास्तरांनी रजनीवहिनींकडे पाहिलं.

“मी बुडत होतो तेव्हा त्यांनी मला वाचवलं होतं,” मास्तर म्हणाले. दुसरं काही खरं त्यांना सांगता आलं नाही.

“हो?” अलकाला फार आनंद झाला. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्या लहान लहान होत जाणाऱ्या पांढऱ्या आकृतीला ती टाटा करायला लागली. फलाटावरूनही एक हात वर झाला. रजनीवहिनींनी मुलीचं मनगट धरून तिला आत ओढलं आणि भर उन्हाळ्यात खिडकीची लाकडी झडप खाली पाडली.